बुद्धिबळ इंजिनातली छाटणी : न बघता सोडलेली फांदी महागात पडते तेव्हा

अडीचघर

पटावर फक्त चार सोंगट्या आहेत. पांढरा राजा जी५ वर, पांढरं प्यादं ई४ वर. काळा राजा सी४ वर, काळं प्यादं ई५ वर. चाल पांढऱ्याची.

जवळ पट असेल तर मांडून बघा. राजा एफ५ वर नेला की काळा राजा डी४ वर येतो, आणि पांढरा अडकतो. राजा कुठेही हलवला तरी ई४ चं प्यादं जातं, आणि त्याच्यामागे डावही. तोच राजा आधी एफ६ वर नेला, तर ई५ राखायला काळ्याला डी४ वर यावंच लागतं. मग आपण एफ६ वरून एफ५ वर उतरायचं. स्थिती अगदी तीच, पण आता चाल काळ्याची आहे आणि अडकलेलाही तोच. एकाच राजाच्या दोन शेजारच्या घरांतलं एक जिंकून देतं, दुसरं हरवतं.

गेली दोन वर्षं रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वतःचं एक बुद्धिबळ इंजिन, म्हणजे चाली शोधून खेळणारा प्रोग्रॅम, लिहितोय. मधल्या डावात ते मला सहज हरवतं. गेल्या आठवड्यात ही स्थिती त्याला दिली, तर त्यानं क्षणात एफ५ खेळलं, तेही पांढरा पुढे आहे असा आकडा दाखवून. जास्त खोल बघायला लावलं तरी उत्तर बदललं नाही.

दोन रात्री शोधल्यावर कारण सापडलं. चूक मूल्यमापनात, म्हणजे स्थिती जोखण्यात, नव्हती. छाटणीत होती, म्हणजे पुढच्या चालींच्या झाडातल्या कुठल्या फांद्या न बघता सोडायच्या ते ठरवण्यात.

मी नल मूव्ह वापरतो. नल मूव्ह म्हणजे आपली चाल सोडून देणं. खऱ्या डावात ती मुभा नाही, पण शोधाच्या झाडात आहे. त्यामागचा विचार मला फार आवडतो. मी काहीच केलं नाही, समोरच्याला लागोपाठ दोन चाली दिल्या, आणि तरीही माझी स्थिती इतकी चांगली राहिली की समोरचा मला इथवर येऊच देणार नाही. मग खरी चाल खेळल्यावर ती त्याहून वाईट कशी होईल? तेव्हा ही फांदी इथेच तोडा. ही तपासणी मुख्य शोधापेक्षा दोन-तीन पायऱ्या उथळ करायची, म्हणून स्वस्तात पडते.

आता वरच्या स्थितीत काय होतं ते बघा. राजा एफ५, राजा डी४, चाल पांढऱ्याची. इंजिन म्हणतं, समजा मी चाल सोडली. मग काळ्याला हलावं लागतं, त्याचं ई५ पडतं, पांढरा मस्त. फांदी तोडली, शेरा 'उत्तम'. प्रत्यक्षात ही हरलेली स्थिती आहे. दुसऱ्या फांदीत, एफ६ नंतर, हाच प्रकार काळ्याच्या बाजूनं होतो. काळा चाल सोडतो, पांढरा अडकतो, शेरा 'काळ्याला उत्तम'. म्हणजे जिंकणारी चाल वाईट ठरली आणि हरणारी चांगली. छाटणीनं उत्तर नुसतं चुकवलं नाही, पुरतं उलटं केलं.

जिथे हलावं लागणं हीच शिक्षा असते त्या स्थितीला झुगझ्वांग म्हणतात, आणि नल मूव्हचा सगळा डोलारा 'हलणं हे न हलण्यापेक्षा बरं' या गृहीतकावर उभा आहे. हे मला पुस्तकी माहीत होतं. एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावर, नल मूव्ह बंद ठेवा असं सगळे सांगतात, पण वेग मिळतो म्हणून मी ती अट घातली नव्हती.

इथे इंजिनवाले आणि बुद्धिबळवाले दोघेही आहेत म्हणून विचारतो. छाटणीवर तुम्ही किती विश्वास टाकता, आणि कुठे थांबता?

सांजवेळ

मी प्रोग्रॅमिंगमधली नाही, लहान मुलांचे बुद्धिबळाचे वर्ग घेते. स्थिती मांडून बघितली, फार सुंदर आहे. एक अगदी प्राथमिक प्रश्न. संगणक एवढा वेगवान आहे, तर त्याला फांद्या तोडाव्या का लागतात? सगळं बघू दे की.

अडीचघर

सांजवेळ, प्रश्न प्राथमिक असला तरी सगळं तिथूनच सुरू होतं. सुरुवातीच्या स्थितीत पांढऱ्याला २० चाली आहेत, काळ्याच्या उत्तरानंतर ४०० शक्यता. तिसऱ्या अर्ध्या चालीला ८,९०२. चौथ्याला १,९७,२८१. पाचव्याला ४८,६५,६०९. सहाव्याला ११,९०,६०,३२४. हे आकडे इंजिन लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात, कारण चाली पाडणारा भाग बरोबर आहे का ते यांच्याशी ताडूनच कळतं. माझा पाचवा आकडा कितीतरी दिवस जुळत नव्हता. शेवटी आँ पासाँ या प्याद्यानं प्यादं मारण्याच्या खास नियमात चूक निघाली.

सहा अर्ध्या चाली म्हणजे दोघांच्या तीन-तीन. तुमच्या वर्गातली हुशार मुलं एखाद्या मारामारीच्या ओळीत त्याहून पुढचं बघत असतील. प्रत्येक पायरीला आकडा वीस-तीस पटींनी वाढत असेल, तर दुप्पट वेगवान यंत्र घेऊनही पूर्ण एक पायरीसुद्धा पदरात पडत नाही.

पण एक छाटणी अशी आहे की तिच्यात धोका शून्य. अल्फा-बीटा. समजा पहिली चाल तपासून झाली आणि कळलं की समोरच्यानं काहीही केलं तरी मी निदान बरोबरीत आहे. आता दुसरी चाल घेतली. तिला त्याचं पहिलंच उत्तर बघितलं, तर माझा वजीर फुकट जातोय. त्याची उरलेली तीस उत्तरं बघू का? गरजच नाही. दुसरी चाल बरोबरीपेक्षा वाईट आहे हे एका उत्तरानं सिद्ध झालं. ती किती वाईट आहे याच्याशी मला देणंघेणं नाही.

तुम्ही मुलांना हेच शिकवत असणार. ही चाल नको, का? घोडा मारतो. संपलं.

आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की उत्तर तेच येतं, सगळं झाड बघून आलं असतं तेच. फक्त चाली कुठल्या क्रमानं बघता त्यावर बचत ठरते. दर वेळी उत्तम चाल आधी बघितली, तर झाडाची पानं, म्हणजे टोकाच्या स्थिती, जवळपास मूळ संख्येच्या वर्गमुळाइतकी उरतात. नूथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये याचा नेमका हिशोब मांडला. ३५ चाली आणि ६ पायऱ्या धरल्या तर पूर्ण झाडाला १८३ कोटींहून जास्त पानं येतात. उत्तम क्रम लागला तर ८५,७४९ पानांत काम होतं. क्रम उलटा लागला तर बचत काहीच नाही. म्हणून इंजिनाची निम्मी अक्कल चालींचा क्रम लावण्यात जाते. मोठी सोंगटी खाणारी चाल आधी, शेजारच्या फांदीत जिनं काम केलं होतं ती चाल आधी, मागच्या उथळ फेरीत सर्वांत चांगली ठरलेली सगळ्यांच्या आधी.

निफाडची_बाग

बुद्धिबळातलं फार कळत नाही, पण धाग्याच्या नावात छाटणी दिसली म्हणून आत आलो आणि शेवटपर्यंत वाचला. आमची द्राक्षबाग आहे. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. खरड छाटणीत सरसकट तोडायचं असतं, त्यात डोकं लागत नाही. ऑक्टोबरला काडी कितव्या डोळ्यावर कापायची ते ठरवावं लागतं, कारण घड कुठल्या डोळ्यात आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी काही काड्या तपासायला पाठवतो. डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि मग कात्री.

तुमची नल मूव्ह मला त्या काडी तपासणीसारखी वाटली. चार काड्या बघून अख्ख्या बागेचा निर्णय. तपासलेल्या काड्या एका टोकाच्या असतील तर हंगाम जातो.

अडीचघर

निफाडची_बाग, ही तुलना मी जपून ठेवणार आहे. अल्फा-बीटा खरडीसारखी, बिनधोक. बाकी सगळ्या छाटण्या ऑक्टोबरच्या.

जुना_पट

धागा छान चाललाय. थोडा इतिहास सांगतो, कारण हा वाद यंत्रांइतकाच जुना आहे.

गणितज्ञ क्लॉड शॅनननं संगणकाच्या बुद्धिबळावरच्या १९५० च्या निबंधातच दोन वाटा सांगून ठेवल्या होत्या. पहिली, ठरावीक खोलीपर्यंत सगळं बघा. दुसरी, माणसासारखं निवडक बघा पण खोल बघा. त्याचा स्वतःचा कल दुसरीकडे होता. बर्नस्टाइनच्या आयबीएम ७०४ वरच्या प्रोग्रॅमनं १९५७ मध्ये तेच केलं. प्रत्येक पायरीला बऱ्या वाटणाऱ्या सात चाली, चार पायऱ्या. सातचा चौथा घात २,४०१. एवढ्या स्थिती बघायला त्याला आठेक मिनिटं लागायची. आठवी चाल कितीही अफलातून असली तरी ती त्याच्यासाठी नव्हतीच.

मग एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा, कोटॉकचा प्रोग्रॅम. तोही निवडक. पहिल्या पायरीला चार चाली, मग तीन, मग दोन, असा निमुळता होत जाणारा. १९६६-६७ मध्ये त्याचा मॉस्कोच्या एका भौतिकशास्त्र संस्थेतल्या प्रोग्रॅमशी तारेवरून सामना झाला. मॉस्कोवाल्यांनी पहिली वाट धरली होती, सगळं बघायचं. चार डाव झाले. रशियन यंत्र तीन पायऱ्या बघत होतं ते दोन डाव बरोबरीत सुटले, पाच पायऱ्या बघत होतं ते दोन्ही त्यानं जिंकले. सामना ३-१.

पण मला सांगायचा आहे तो प्रसंग टोरांटोचा, १९७७ ची जागतिक संगणक स्पर्धा. मॉस्कोच्या त्याच परंपरेतला काइसा हा प्रोग्रॅम तेव्हा जगज्जेता होता. समोर अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाचा डचेस, पांढऱ्याकडून. चौतिसाव्या चालीला डचेसचा वजीर ए८ वर येऊन शह देतो. काळ्याचा राजा जी७ वर सरकणार, दुसरं काय? काइसानं काय केलं, तर हत्ती ई८ वर मध्ये घातला. फुकटात. वजिरानं तो खाल्ला, पुढे डाव गेला.

सभागृहात मिखाइल बोत्विनिक बसले होते. माजी विश्वविजेते. त्यांनाही, बाकी सगळ्यांनाही वाटलं की प्रोग्रॅममध्ये गडबड झाली. नंतर यंत्रालाच विचारलं, की राजा जी७ वर नेला असता तर? उत्तर आलं, वजीर एफ८ वर शह! वजिराचं बलिदान. राजानं तो खायचाच, मग उंटाचा एच६ वरून शह, आणि पाठोपाठ हत्तीची मात. हत्ती देणं हाच मात लांबवण्याचा एक मार्ग होता.

सभागृहातल्या एकाही माणसानं ते वजिराचं बलिदान पाहिलं नव्हतं. माणसाच्या डोक्यातल्या छाटणीनं ती फांदी केव्हाच तोडली होती. यंत्रानं ती बघितली, कारण कुठली फांदी बघण्याच्या लायकीची नाही हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. बोत्विनिक स्वतः वर्षानुवर्षं 'पायोनियर' नावाचा प्रोग्रॅम करत होते, जो उस्तादासारखा निवडक विचार करेल. तो स्पर्धेत उतरण्याइतका कधी पुरा झाला नाही.

तेव्हा अडीचघर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: अल्फा-बीटावर थांबा. बाकी सगळं उधारी आहे.

बिट्स_आणि_प्यादी

जुना_पट, टोरांटोचा प्रसंग फार सुरेख मांडलात, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी बरीच वर्षं इंजिन लिहितो, त्या अनुभवावरून सांगतो.

१९७७ ला सगळं बघणारे जिंकत होते हे खरं. पण आज स्टॉकफिश हे आघाडीचं इंजिन सगळं बघत नाही, कितीतरी कमी बघतं. शॅननची दुसरी वाट परत आली आहे, फक्त वेगळ्या दारानं. बर्नस्टाइन चाल बघण्याआधीच तिला बाद करायचा. आजचं इंजिन प्रत्येक चाल बघतं, पण बहुतेकींना वरवर बघतं, आणि त्या उथळ नजरेत काही चमकलं तर परत येऊन नीट बघतं. हे 'परत येऊन' फार महत्त्वाचं आहे.

लेट मूव्ह रिडक्शन घ्या. क्रम नीट लावला असेल तर पहिल्या तीन-चार चालींत उत्तम चाल असण्याची शक्यता दांडगी. त्यांना पूर्ण खोली द्या. पंधरावी शांत चाल आली, म्हणजे काही खात नाही, शह देत नाही, तर तिला दोन-तीन पायऱ्या कमी द्या. ती अपेक्षेपेक्षा चांगली निघाली तर पूर्ण खोलीनं पुन्हा तपासा. फ्रूट नावाच्या इंजिनाचा कोड २००५ च्या सुमारास सगळ्यांना वाचायला मिळाला आणि हे तंत्र घरोघरी पोचलं. खोली आणि चालीचा क्रमांक, दोन्हींच्या लॉगॅरिदमवरून किती कापायचं ते ठरवतात. आज चांगल्या इंजिनात एक पायरी वाढवली तर काम सरासरी दुपटीहूनही कमी वाढतं. तीस पटींचं झाड दोन पटींच्या खाली आणलंय. अल्फा-बीटा एकटा फार तर सहापटीपर्यंत आणेल.

म्हणजे खरा सौदा असा. छाटणी न करणारं इंजिन कधी आंधळं होत नाही, पण त्याची नजर जवळची राहते. छाटणी करणारं कधीतरी आंधळं होतं, पण एरवी वीस पायऱ्या पुढे बघतं. डाव कोण जिंकतं? दुसरं, आणि जवळपास दर वेळी. काइसाला ते बलिदान दिसलं कारण ते काही पायऱ्यांवरच होतं. तेच बारा पायऱ्या पुढे असतं तर सगळं बघणाऱ्या काइसालाही दिसलं नसतं.

अडीचघर, तुमच्या रोगावर औषध जुनंच आहे. ज्याची चाल आहे त्याच्याकडे राजा आणि प्यादी सोडून एकही सोंगटी नसेल तर नल मूव्ह करू नका. शह असताना तर करूच नका. लागोपाठ दोनदा करू नका. एवढ्यानं तुमची स्थिती सुटेल. पण सगळं झुगझ्वांग प्याद्यांच्याच एंडगेममध्ये नसतं. हत्ती, उंट असतानाही क्वचित येतं. त्यासाठी पडताळणी ठेवा. नल मूव्हनं फांदी तोडायला सांगितली की लगेच तोडू नका, नल मूव्ह बंद करून तीच फांदी उथळ खोलीनं एकदा तपासा. तिचाही कौल तोडायचाच आला तर तोडा. हे सगळीकडे लावू नका, महाग पडतं. सोंगट्या कमी उरल्यावर किंवा खोली जास्त असताना लावा.

आणि एक विनंती. छाटणीचा एखादा नियम बरोबर वाटतो म्हणून ठेवू नका. नव्या-जुन्या आवृत्त्यांचे हजारो डाव लावा. माझ्या डोक्यात आलेल्या दहा कल्पनांतल्या आठ डावांच्या कसोटीत पडतात. स्टॉकफिशवाल्यांनी २०१३ पासून फिशटेस्ट चालवलंय, जगभरचे लोक आपल्या घरचे संगणक त्याला देतात, आणि एकेका ओळीच्या बदलासाठी हजारोंनी डाव होतात.

जुना_पट

'चाल बाद करणं' आणि 'चाल वरवर बघणं' यातला फरक मी लक्षात घेतला नव्हता. पटलं. पण मग फ्युटिलिटीचं काय? त्यात चाल बघतच नाहीत ना?

बिट्स_आणि_प्यादी

बरोबर, तिथे परत येणं नाही. शेवटच्या पायरीवर स्थिती इतकी मागे असेल की आणखी एका घोड्याइतकी सूट देऊनही गाठणं शक्य नाही, तर शांत चाली न बघताच सोडतात. म्हणून ती झाडाच्या टोकाशीच लावतात, मुळाशी नाही. टोकाला चुकलं तर एक पान जातं, मुळाशी चुकलं तर डाव.

तिसरा_डोळा

अल्फाझीरो हा स्वतः शिकणारा प्रोग्रॅम आल्यावर हे सगळं मोडीत निघालं असं वाचलं होतं. तो सेकंदाला फक्त ८०,००० स्थिती बघायचा आणि स्टॉकफिश ७ कोटी, तरी स्टॉकफिशच हरला ना?

बिट्स_आणि_प्यादी

डिसेंबर २०१७ चे आकडे बरोबर आहेत. पण मोडीत काही निघालं नाही. कुठली चाल बघावी हे अल्फाझीरोचं न्यूरल नेटवर्क सुचवतं, म्हणजे तीही निवडच, फक्त शिकलेली. आणि २०२० मध्ये स्टॉकफिशनं मूल्यमापनात न्यूरल नेटवर्क घेतलं, पण झाड आणि छाटणी अल्फा-बीटाचीच ठेवली. आज तो पहिल्या क्रमांकांत आहे.

अडीचघर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अट घातली. एकच ओळ आहे, चाल असलेल्या बाजूकडे प्यादी-राजा सोडून सोंगटी आहे का, नसेल तर नल मूव्ह नाही. स्थिती दिली. राजा एफ६. बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो.

मग सगळ्या छाटण्या बंद करून, फक्त अल्फा-बीटा ठेवून तीच स्थिती दिली. तरीही एफ६, कारण चारच सोंगट्यांचं झाड लहान असतं. म्हणजे जिथे छाटणीची गरजच नव्हती तिथे मी वेगाच्या हव्यासानं ती लावली होती. जुना_पट, त्यापुरते तुम्ही बरोबर होतात. मधल्या डावात मात्र बिट्स_आणि_प्यादी यांचं ऐकणार. पडताळणीची फेरी या शनिवारी लिहितो.

सांजवेळ

आज वर्गात ही स्थिती मांडली. अकरा मुलं होती. पहिल्यांदा नऊ जणांनी एफ५ सांगितलं, कारण 'तिकडून प्यादं लगेच मारता येतं'. दोघींनी एफ६ सांगितलं, पण का ते त्यांना सांगता येईना. मग जोड्या करून दोन्ही बाजूंनी खेळायला लावलं. एका मुलानं डी४ वर राजा आल्यावर हात वर केला आणि म्हणाला, "बाई, मला चालायचंच नाहीये, नाही चाललं तर चालतं का?" मी त्याला सांगितलं की एका काकांच्या संगणकानंही अगदी हेच गृहीत धरलं होतं.

अडीचघर, हत्ती किंवा उंट पटावर असतानाची झुगझ्वांगची एखादी सोपी स्थिती असेल तर इथे टाकाल का? पुढचा वर्ग रविवारी आहे.

अडीचघर

शनिवारच्या कामासाठी मलाही तशा स्थिती लागणारच आहेत. तीन-चार शोधतो, आधी हातानं तपासतो, मग इंजिनाला देतो, आणि शनिवारी रात्री इथेच टाकतो. उत्तरं वेगळ्या प्रतिसादात देईन, म्हणजे मुलांना दिसणार नाहीत.